वेळ बदलण्यापुरता संपर्क

३ फेब्रुवारी, मंगळवार
समुपदेशक बाईंनी आज नियम पुन्हा सांगितला. दोन भेटींच्या मध्ये फोन नाही. मेसेज फक्त वेळ बदलायची असेल तर. शांतपणे सांगितलं, रागावून नाही — तेच जास्त लागलं. हे त्यांचं काम आहे, मी त्यांची कोणी नाही. कळत का नाही मला? कळतं. तरी बाहेर पडून जिन्यातच बसून राहिले.

५ फेब्रुवारी
ऑफिसात काही सुचेना. शेवटी मेसेज केला — मंगळवारऐवजी बुधवार चालेल का? लगेच उत्तर : हो, चालेल.
मंगळवारी मला काहीच अडचण नव्हती. तेवढ्या उत्तरावर दुपार निभावली. लाज वाटते.

७ फेब्रुवारी
पुन्हा मंगळवार करून घेतला. 'ठीक आहे,' म्हणाल्या.

८ फेब्रुवारी, रविवार
अंथरुणाला खिळल्यापासून आई सारख्या हाका मारते. पाणी दे गं. नेऊन दिलं तर पीत नाही.
"प्यायचं नाही तर मागतेस कशाला?"
"तू आहेस की गेलीस, ते बघते."
वैतागून म्हटलं, "घंटा आणून देऊ का वाजवायला?"
"मला कशाला? तुझ्या गळ्यात बांध. हिंडतेस तू."
हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. का, ते धड सांगता येत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
बाईंच्या लक्षात आलंच होतं. "तुम्ही वेळ बदलता आणि परत तीच घेता. त्या क्षणी खरं काय हवं असतं?"
तुमचं उत्तर — एवढं म्हणायला जीभ उचलेना.
शेवटी ठरलं : यापुढे वेळ बदलायची नाही. मी मेसेज केलाच तरी त्या वेळ तीच ठेवणार, आणि जे काही असेल ते समोर बसून बोलायचं. मी मान डोलावली. नाही म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं का मला? विचारायचं धाडस झालं नाही.

२० फेब्रुवारी
फोन कपाटात ठेवते, काढते, ठेवते. पण पाळतेय.

२३ फेब्रुवारी, सोमवार
आई पहाटे झोपेतच गेली. दादा परगावाहून निघालाय, उद्या पोचेल. तोवर थांबायचं आहे.
बाईंना लिहिलं : उद्या जमणार नाही. कारण लिहिलं नाही. मेसेज फक्त वेळेपुरता.
उत्तर आलं : "ठरल्याप्रमाणे वेळ तीच ठेवते. उद्या या, समोर बसून बोलू."