गिरणीच्या दारात लस

६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी लस म्हणाले, तुला लसूण ऐकू आलं, आणि यंदाचा लसूण किडका कसा निघाला ते तू मला सविस्तर सांगितलंस. इतकी वर्षं पिठाच्या गिरणीच्या घरघरीत काढल्यावर कानांनी राजीनामा दिला, तर त्यांचा तरी काय दोष! म्हणून हे पत्र. बसच्या कंडक्टरकाकांच्या हाती देते, म्हणजे उद्याच मिळेल.

थंडी तोंडावर आली आहे. मागच्या थंडीत तुमच्या खोऱ्यातली म्हातारी माणसं साध्या सर्दी-तापापासून सुरू झाली आणि छाती भरून आमच्या दवाखान्यात आली. काही परत घरी गेली नाहीत. म्हणून यंदा साठीच्या पुढच्या सगळ्यांना फ्लूची लस द्यायचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या आठवड्यात तुमच्या टेकडीवरच्या शाळेत आम्ही दिवसभर पेटी घेऊन बसलो. आले फक्त निवृत्त पोस्टमन, आणि तेही आपला चष्मा तिथे राहिलाय का ते बघायला. खाली उतरून घरोघर विचारलं, तर सगळ्यांचं एकच पालुपद: गिरणीवाल्या बाई घेतील तेव्हा बघू.

तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं. घोडं गिरणीत आहे.

बाबा बरे आहेत, लस घेऊन दोन दिवस दंड चोळत मिरवत होते. तूही घे ना गं. लोभ आहेच, आता दंडही पुढे करावा ही विनंती.

तुझी,
भिंगरी


९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

आत्याला घोडं म्हणालीस, हे तुझ्या बापाला कळवते. नर्स झालीस म्हणून जीभही इंजेक्शनच्या सुईसारखी करायलाच हवी असं नाही.

अगं, मी आता पिकलं पान. आज ना उद्या गळायचंच. त्याला कशाला टोचायचं? ती लस तरण्याताठ्या पोरांना द्या, त्यांचं आयुष्य पडलंय पुढे. शिवाय मला साधी शिंकसुद्धा येत नाही. एवढं पीठ नाकात गेलंय की रोगाला आत शिरायला वाट नाही.

आणि तुमच्या शाळेतल्या बैठकीचं म्हणशील, तर ती चढण तुम्ही गाडीतून चढता. आमच्या गुडघ्यांना कुणी विचारलं होतं? मागे डोळे तपासायला एक डॉक्टर आले होते. मी त्यांच्या समोर बसलेली, आणि ते माझ्या मुलाला विचारत होते, यांना दिसतं का, या नीट जेवतात का. मी बहिरी आहे, मेलेली नाही.

सूनबाई तुझी आठवण काढते. वेळेवर जेवत जा. लोभ होता, आहे, पण दंड माझा माझ्याकडेच राहील.

तुझी आत्या


१३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्यांचं आणि त्या डॉक्टरांचं, दोन्ही बोलणी मला लागली, कारण दोन्ही खरी आहेत. मी मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. काहीतरी करू म्हणाल्या.

पण पिकल्या पानाचं मला पटत नाही. काल तुमच्या शेजारच्या वाडीतले सुतारकाका इथे दाखल झाले. तुझ्याहून लहानच असतील. तीन दिवस अंगावर काढलं त्यांनी, आता नळीतून श्वास चालू आहे. त्यांची बायको पायरीवर बसून आहे, कुणी चहा दिला तरी हातातच गार होतो. गळायचंच होतं, असं तिला जाऊन कोण सांगणार? तू सांगशील?

आत्या, मी तुला लहानपणापासून ओळखते. तू पोरांना द्या म्हणतेस ते खरं नाही. खरं कारण वेगळं आहे. ते सांग, नाहीतर मी रोज एक पत्र पाठवीन आणि कंडक्टरकाका वैतागून तुझं दळण नेणं बंद करतील.

हट्ट तुझ्याकडूनच शिकले, तेव्हा रागावू नये.

तुझी,
भिंगरी


१८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

सुतार गेले, हे काल कळलं. त्यांनी बनवलेल्या घडवंचीवर बसून हे लिहिते आहे.

कारण विचारलंस. तुझ्या आतोबांना श्वास लागला तेव्हा आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे त्यांना इंजेक्शन दिलं. टोचेल जरा, हात घट्ट धरा, असं नर्सबाई म्हणाल्या, म्हणून मीच धरला होता. सुई बाहेर निघाली आणि त्यानंतर फार वेळ नाही गेला. माझ्या हातातला त्यांचा हात गार झाला. तेव्हापासून सुई दिसली की मी उठून बाहेर जाते. हे मी पोरालाही बोलले नाही. गावाला वाटतं, गिरणीवाली मोठी हिंमतीची, ती घेत नाही म्हणजे लसीतच काहीतरी खोट असणार. खोट लसीत नाही, माझ्या काळजात आहे.

आता मला सांग, त्या सुईनं त्यांना नेलं का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खोटं लिहायचं असेल तर लिहूच नकोस.

आत्या


२० ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग ड्यूटीवर गेले. उत्तर आज लिहिते.

ते कोणतं इंजेक्शन होतं, मला माहीत नाही. मी तेव्हा शाळेत होते. बाबांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. बाबा एवढंच सांगतात की आतोबा आठवडाभर धापा टाकत होते, पूल पाण्याखाली होता आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते. अशा वेळी जे टोचतात ते जीव वाचवायला टोचतात, आणि कधी कधी माणूस वाचत नाही. मला वाटतं तसंच झालं असावं. पण मी तिथे नव्हते, म्हणून शपथ घेऊन सांगू शकत नाही.

लसीचं मात्र सांगू शकते, कारण ती मी रोज देते. ती धडधाकट असतानाच घ्यायची असते, ताप भरल्यावर नाही. दंड दुखेल. एखाद-दोन दिवस अंग कसकसेल, ताप येईल. लस घेतली की फ्लू होणारच नाही असं नाही. पण झाला तर तो छातीत उतरून जीवावर बेतण्याचा धोका बराच कमी होतो. अगदी क्वचित कुणाला ती सोसत नाही, म्हणून टोचल्यावर अर्धा तास आम्ही माणसाला समोर बसवून ठेवतो, आणि त्यावरचं औषध माझ्या पिशवीत असतं. ती दरवर्षी घ्यावी लागते.

घ्यायची की नाही ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तरी माझं काही बुडणार नाही आणि तू माझी आत्या राहशील. तुझा हात या वेळी मी धरीन, एवढं मात्र माझ्या हातात आहे.

तुझी,
भिंगरी


२४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आत्याचे भरघोस आशीर्वाद.

तू माहीत नाही असं लिहिलंस ना, तिथेच मी ऐकलं. इतकी वर्षं मला सगळ्यांनी सांगितलं, देवाची मर्जी, नशीब, वेळ आली होती. प्रत्येकाला पक्कं ठाऊक! ठाऊक नाही असं म्हणणारी तूच पहिली.

मी लस घेणार. पण शाळेत नाही. पेटी घेऊन गिरणीवर ये. इथे चढण नाही, आणि म्हातारं माणूस दळणाच्या निमित्तानं घराबाहेर पडतंच. बाकं मी मांडून ठेवीन, उभं राहायला लावायचं नाही. मुलाशी किंवा सुनेशी बोलायचं नाही, जिचा दंड तिच्याशी बोलायचं. मोठ्यानं बोलायचं, पण ओरडायचं नाही, त्यातला फरक तुझ्या डॉक्टरीणबाईंना समजावून सांग. कुणी नको म्हणालं तर तोंड वाकडं करायचं नाही. आणि पहिली सुई मला, सगळ्यांच्या देखत. घाबरले तर घाबरलेलीही दिसू दे त्यांना.

येत्या गुरुवारी बघ जमतंय का. मन बदलायच्या आत ये, मी काही दगडावरची रेघ नाही.

तुझी आत्या


२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे डाव्या दंडाच्या नावानं बोटं मोडत, उजव्या हातानं लिहिते आहे.

तू चिखलानं गुडघ्यापर्यंत माखून दारात उभी राहिलीस, त्याआधी इथे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. सकाळपासून सगळे येऊन बसले होते. तुमची गाडी येईना. लोहार, म्हणजे आमच्या गावचे सगळ्यात मोठ्या आवाजाचे आजोबा, म्हणायला लागले की बघा, यांना आपली काय पडलीये, चला घरी. दोघी-तिघी उठल्यासुद्धा. मग मी गिरणी बंद केली आणि पट्टा तुटला म्हणून जाहीर केलं. सगळ्यांची पोती आत, पिठाशिवाय जाणार कुठे? पट्टा धडधडीत जागेवर दिसत होता. पोस्टमन तर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले की हा तुटलेला फार छान दिसतोय. पण हसण्यावारी नेलं आणि बसले सगळे.

बाकी तू पाहिलंच. मी स्वतःच हात पुढे केला तेही पाहिलंस. तू घट्ट धरलास, आणि तुझा हात गरम होता. बस, आणखी काही लिहीत नाही.

तू गेल्यावर मला ताप भरला. सकाळी मुलगा म्हणाला, आई, आज पडून राहा, गिरणी मी बघतो. मी म्हटलं, अरे, आज सगळं गाव कान लावून बसलंय. गिरणीच्या दारात मी दिसले नाही तर संध्याकाळपर्यंत मला चार खांदे देऊन मोकळे होतील. शाल गुंडाळून दारात बसले. जो येईल त्याला खरं तेच सांगितलं, की ताप आहे, दंड ठणकतोय, जेवण गेलं नाही. लपवलं असतं तर पुढच्या वेळी माझ्यावर कोण विश्वास ठेवील? लोहार येऊन समोर उभे राहिले. आदल्या दिवशी ते न घेताच निघून गेले होते. त्यांनी विचारलं, पस्तावलात का? मी म्हटलं, तापाचा पस्तावा नाही, तुम्ही पळालात त्याची गंमत वाटते. त्यांनी माझं पोतं उचलून आत ठेवलं. आज ताप उतरल्यावर परत आले आणि पेटी पुन्हा कधी येणार ते विचारून गेले.

कधी येणार?

तुझी आत्या


५ नोव्हेंबर

ती. गिरणीवाल्या आत्यास,
साष्टांग दंडवत. (नुसता नमस्कार तुला कमी पडेल.)

पट्ट्याबद्दल मी तुला रागावणार होते. लोकांना अडकवून लस द्यायची नसते, आत्या. पण मी सुई हातात घेण्यापूर्वी तू उठून मोठ्यानं सांगितलंस, की लस घ्या किंवा नका घेऊ, पीठ ज्याचं त्याला मिळणार. म्हणून माफ. पुन्हा मात्र पट्टा तोडू नकोस.

आता माझंही ऐक. गाडी ओढ्याच्या अलीकडे रुतली तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, आजचं राहू दे. मीही पेटी घेऊन परत फिरले होते. मग वाटलं, आत्या बाकं मांडून बसली असेल. आज आपण गेलो नाही तर तिथे पुन्हा कुणी बसणार नाही. म्हणून पाण्यात उतरले. पेटी डोक्यावर होती, आतला बर्फ शाबूत होता. मी तेवढी शाबूत नव्हते.

मंगळवारी पुन्हा येते. पण एक घर डोक्यातून जात नाही. गावाच्या टोकाला त्या अंथरुणाला खिळलेल्या शिंपीणबाई आहेत ना, गुरुवारी परतताना मी त्यांच्या दारात गेले होते. मुलगा भला माणूस वाटला, पाणीही दिलं. पण म्हणाला, आईला आता कशाला त्रास? मला आत जाता आलं नाही. त्या घरात सगळे खोकत होते, आत्या. थंडीत तो खोकला आधी तिलाच गाठेल. तू जाऊन बघशील?

तुझ्या लोभावर मी आता फारच हक्क गाजवते आहे, हे जाणून आहे.

तुझी,
भिंगरी


८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि पाठीवर एक थाप.

काल गेले होते. मुलगा खरंच भला आहे, आईला न्हाऊ-माखू घालतो. मलाही तेच म्हणाला, आता तिला कशाला. मी त्याला दोष दिला नाही. महिन्यापूर्वी मीच तुला तसं लिहिलं होतं. फक्त म्हटलं, तिला भेटून जाते.

खोली अंधारी होती. ती डोळे मिटून पडली होती. मी माझ्या बहिऱ्या आवाजात सगळं सांगितलं. सुतारांचं, माझ्या तापाचं, दंड कसा दुखला त्याचं. मुलगा आणि सून दारात उभे होते. आई ऐकत नसते हो, असं सून हळूच म्हणाली. मग मी विचारलं, बाई, तुला घ्यायची आहे का?

ती डोळे न उघडताच म्हणाली, की कंबर मोडली तेव्हापासून या घरात तिला कुणी काहीच विचारलेलं नाही. दिवा लावू का, खिडकी उघडू का, काहीच नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. दारात मुलाचं तोंड बघवेना गं. तो पुढे आला आणि त्यानं काय केलं असेल? आईला विचारलं, खिडकी उघडू का? ती हो म्हणाली.

उजेड आल्यावर तिनं स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. बाही घट्ट आहे, दंडापर्यंत वर जायची नाही, असं म्हणाली. सूनबाई लगबगीनं कात्री घेऊन आली. तर त्या बाईनं तिला असं दटावलं, जणू आपल्या दुकानातच बसली आहे. कापड कापायचं नाही, नुसती शिवण उसवायची, आणि दोरा जपून काढायचा. बाही नंतर पुन्हा शिवायची आहे म्हणे.

तेव्हा मंगळवारी लवकर ये. लोभ आहे की नाही ते मग बसून बोलू.

तुझी आत्या