लाल पिशवी

१ मार्च, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, म्हणून लाल पिशवी खाली काढली. टॉर्चचे सेल बदलले. गोळ्यांच्या तारखा पाहिल्या — तापाच्या गोळ्यांची मुदत मे महिन्यात संपते, त्या बदलायच्या. कागदपत्रांच्या प्रती, शिट्टी, पाण्याच्या दोन बाटल्या, एक जोडी कपडे, जुना चष्मा. सगळं जागेवर. पिशवी परत दाराजवळच्या खुंटीला. पंधरा मिनिटांचं काम. एवढ्या पंधरा मिनिटांसाठी लोकांना आख्खा जन्म पुरत नाही!

धाकटी येऊन गेली. पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा घेऊन घरी चालली होती, चहाला टेकली. पिशवी बघून नेहमीसारखी हसली. म्हणे, "ताई, भूकंप आला ना, तर आधी तुला विचारून येईल." हसा. हिच्या घरी टॉर्च आहे, पण त्याचे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातलेत. आणि घड्याळ तरीही बंद!

मेहुण्यांचं टपाल घेऊन जा म्हटलं. "बघू गं, नंतर." हिचा नवरा वारून अकरा महिने झाले, तरी त्याचं टपाल माझ्याच दारात पडतं. त्या माणसाने सहा धंदे केले, पाच भाड्याची घरं बदलली आणि कायमचा पत्ता म्हणून सगळीकडे दिला माझा. महिन्यातून एकदा घ्यायला यायचा. मी दारातच पाकिटं हातात द्यायची, तो "येतो ताई" म्हणायचा आणि जिना उतरायचा. पंपांच्या सुट्या भागांची माहितीपत्रकं, बक्षीस योजना, चिल्लर कंपन्यांची पत्रं — रद्दी नुसती! आता येतात त्यांवर आल्याची तारीख घालते आणि फाइलला लावते. दुसऱ्याचं टपाल मी उघडत नाही आणि कोणाचा कागद फेकत नाही. धाकटीला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

४ मार्च, बुधवार

धाकटीचं घर जळलं. ती सुखरूप आहे — दोरा आणायला बाहेर गेली होती. बाकी काही राहिलं नाही. उद्या लिहीन.

५ मार्च, गुरुवार

दुपारी दोनची गोष्ट. खाली गादीवाल्याचं दुकान, वर हिची दोन खोल्यांची जागा. गादीवाल्याने कापसाच्या ढिगाशेजारून उघडी वायर नेलेली. गेली चार वर्षं नेलेली! खाली कापूस, वर पडदे, मध्ये लाकडी जिना. आगीला आमंत्रणपत्रिका तेवढी पाठवायची राहिली होती.

फोन आला तेव्हा मी इस्पितळाच्या भांडारात चादरी मोजून घेत होते. हातातलं काम मेट्रनला सोपवलं, घरी येऊन पिशवी उचलली आणि गेले. धाकटी समोरच्या फुटपाथवर उभी. हातात दोऱ्याच्या रिळांची कागदी पिशवी. दुसरं काही नाही. दोन शिलाई मशीनं, कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक, गिऱ्हाइकांनी शिवायला टाकलेलं कापड, भांडी, गाद्या, लग्नातले फोटो — वरून नुसतं काळं पाणी ओघळत होतं.

तिने माझ्या पिशवीतले कपडे घातले. दोन माणसं मावतील एवढे होतात तिला. शिवायचा चष्मा मशीनवर राहिला होता, म्हणून माझा जुना दिला. पिशवीला काल कोणी हसलं नाही.

विमा आहे का, विचारलं. "कसला विमा? ते होते तेव्हा तेच बघायचे सगळं." काय बघायचे कपाळ! "म्हणायचे, काही झालं तर सरळ ताईकडे जा." वा! म्हणजे ही यांची तयारी. जग विमा काढतं, यांनी थोरली बहीण काढली!

७ मार्च, शनिवार

भेटायला येणाऱ्यांची रांग. प्रत्येकाच्या हातात जुन्या कपड्यांचं गाठोडं, प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य — जीव वाचला हे काय कमी आहे. कमीच आहे! जीव देवाने वाचवला. मशीनं वाचवायचं काम माणसांचं होतं.

एका बाईंनी आणलेल्या गाठोड्यात एकाच पायाचे तीन मोजे निघाले. धाकटी त्यावर हसत बसली. हिला कधी काय वाटतं ते कळत नाही.

१० मार्च, मंगळवार

इस्पितळात आगीची कवायत घ्यायला लावली. सहा वर्षं मी मागे लागले होते, साहेबांचं उत्तर एकच — "बघू, घेऊ कधीतरी." आता घरातच आग लागलेली बाई मागते म्हटल्यावर नाही कसं म्हणतील?

शिट्टी वाजवली. तीन डॉक्टर लिफ्टकडे धावले. लिफ्टकडे! एवढी मोठमोठी पुस्तकं वाचलेली माणसं! दुसऱ्या मजल्यावरचं आग विझवायचं नळकांडं जागेवर नव्हतं. शोधलं तर क्ष-किरण विभागात दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवलेलं. जिने उतरून व्यवस्थित बाहेर आले ते फक्त झाडू मारणारे आणि एक प्लॅस्टरमधला रुग्ण. तो कुबड्यांवर सगळ्यांच्या पुढे. विचारलं तर म्हणाला, "बाई, मी एकदा आगीतून निघालोय."

म्हणजे एकदा भाजल्याशिवाय कोणी शिकत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि मग पाणी खारट म्हणून रडायचं.

१३ मार्च, शुक्रवार

गादीवाल्याचा विमा होता!

त्या उघड्या वायरीच्या माणसाचा! कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला, जळका कापूस मोजून गेला, पुढच्या महिन्यात दुकान पुन्हा सुरू. मला तर संताप आवरेना. आज तो स्वतःच घरी आला — एक नवी गादी खांद्यावर घेऊन, प्लॅस्टिकसकट. दारात उभा राहून सांगत होता की त्याने कंपनीला विचारून पाहिलं, विमा फक्त दुकानातल्या मालाचा आहे, वरच्या मजल्याचं त्यात बसत नाही. मान वर करत नव्हता.

मी म्हटलं, वायर भिंतीतून न्यायला किती खर्च आला असता? मी त्याला आत बोलावलं नाही. धाकटीने बोलावलं. चहा दिला, वर त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली! मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते, ती ऐकू गेली असावीत.

गादी चांगली आहे. ते लिहायला हवं.

१७ मार्च, मंगळवार

धाकटी खिडकीशी बसून हाताने शिवते. ज्यांचं कापड जळलं त्यांतल्या एक बाई पुन्हा नवीन कापड घेऊन आल्या — तूच शिव म्हणाल्या. म्हणून हाताने. एका पडद्याला तीन दिवस! मशीनवर तासाभराचं काम.

खरी गोष्ट वेगळीच आहे, ती काल कळली. विद्यार्थिनींच्या वसतिगृहाचे ऐंशी पडदे हिला मिळणार होते. आजवरचं सगळ्यात मोठं काम. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी महिनाअखेरपर्यंत थांबते म्हटलंय. तोवर मशीन उभं राहिलं नाही तर काम दुसऱ्याला. पहिल्या दिवसापासून हे पोटात ठेवून ही बाई मोज्यांवर हसत होती.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना ठिगळं लावायला माणूस हवंय, मी शब्द टाकते म्हटलं. तिने सुईत नवा दोरा ओवला. तिची नाही म्हणायची पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण मीही आज थांबले नाही. म्हटलं, हातावर पोट असलेल्या माणसाने हत्यारांचा विमा काढायचा नाही तर कशाचा? वर्षाला दोन-चार पडद्यांच्या शिलाईएवढा हप्ता! तुझ्या नवऱ्याने सहा धंदे केले, त्यांतल्या एकातही त्याला हे सुचू नये? माणूस गोड होता, कबूल. गोडव्याने काय मशीनं परत येतात?

तिने दातांनी दोरा तोडला. म्हणाली, "ते गेलेत, ताई. आता तरी त्यांना सोड."

१८ मार्च, बुधवार

सोडलं. पण माझं चुकलं काय?

२२ मार्च, रविवार

धाकटीला येऊन आज अठरा दिवस झाले. न्हाणीघरातला दिवा चालू, खिडकीची कडी उघडी, टाचण्या चटईवर — मला एक रुतली. गुणगुणते सारखी. घरात इतकी वर्षं आवाज नव्हता, त्यामुळे असेल, कान दुखतात.

तरी एक काम करून घेतलं. नवं मशीन जेव्हा येईल तेव्हा येईल, पण पहिल्या दिवसापासून त्याचा विमा असलाच पाहिजे. बैल गेला आणि झोपा केला, हे मलाही दिसतं. पण पुढचा बैल तरी? आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्याला शनिवारी बोलावलंय. माणूस चिकट आहे, हसताना हिरड्या दाखवतो, लग्नकार्यातही खिशात फॉर्म बाळगतो. पण माझं स्वतःचं सगळं त्याच्याकडेच आहे आणि वेळेचा पक्का आहे. धाकटी म्हणाली, तुझ्या मनासारखं होऊ दे. असं म्हणते तेव्हा तिने ऐकलेलं नसतं.

२८ मार्च, शनिवार

विमावाला बरोबर पाचला आला. फॉर्म काढला. यंत्रांना कसले कागद लागतात ते धाकटीला सांगत होता — बिल, मशीनवरच्या पट्टीचा नंबर, फोटो. धाकटी म्हणाली, "हो, ह्यांनी काढले होते ना फोटो. दर वर्षी काढायचे."

कसले फोटो, त्याने विचारलं. तर ही रंगवून सांगायला लागली. वर्षातून एक दिवस नवरा मशीनं घासूनपुसून ठेवायचा, प्रत्येकाचा फोटो काढायचा, नंबराच्या पट्टीचा वेगळा, शेजारी बिल मांडून. कपाटातल्या कापडाच्या थप्प्यांचासुद्धा. ही त्याला चिडवायची, की बायकोचा एक फोटो धड काढत नाहीत आणि ओव्हरलॉकला नटवून बसवतात.

मी हसले. म्हटलं, हा यांचा सातवा धंदा!

विमावाला हसला नाही. पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "बाई, नंबराच्या पट्टीचा फोटो हौसेने कोणी काढत नाही. तो आम्ही काढायला लावतो."

मग त्याने विचारलं, कागद कुठे आहेत. धाकटी म्हणाली, घरातले सगळे जळले. तो म्हणाला, कागद जळले म्हणून विमा जळत नाही, मुदतीत असला म्हणजे झालं. दर वर्षी मुदत संपायच्या महिनाभर आधी कंपनीचं पत्र जातंच. पत्ता कुठला दिला असेल?

"ताईचाच," धाकटी म्हणाली. "सगळीकडे ताईचाच द्यायचे." आणि तिचा चेहरा असा उजळला, की मी कप उचलून आत गेले. कप दोनदा विसळले. बाहेर तो म्हणत होता, बघा, कदाचित सुटाल. मी आतूनच म्हटलं, बघते.

फाइल कपाटाच्या वरच्या खणात आहे. दुसऱ्याचं टपाल मी उघडत नाही.

२९ मार्च, रविवार

उघडली नाही. धाकटीने दोनदा विचारलं. डोकं दुखतंय म्हटलं.

३० मार्च, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. सतरा पाकिटं, तारखेप्रमाणे लावलेली. सातवं विमा कंपनीचं. कंपनीचं नाव वर ठसठशीत छापलेलं, त्याच्या शेजारी माझ्या अक्षरात — आले, १९ जानेवारी. उघडलं. दोन शिलाई मशीनं, एक ओव्हरलॉक, घरसामान, गिऱ्हाइकांचं कापड. मुदत २१ फेब्रुवारीपर्यंत, त्याआधी हप्ता भरावा. आग ४ मार्च. तळाला, अडचणीत संपर्क कोणाशी, तिथे माझं नाव. नातं — पत्नीची मोठी बहीण.

पाकीट नेऊन धाकटीच्या मांडीवर ठेवलं. माझ्या जुन्या चष्म्यातून तिने ते दोनदा वाचलं. नीट घडी घातली.

"त्यांनी सांगितलं असतं गं तुला. तू कधी आत बसवलंस त्यांना?"

मग सुई उचलून राहिलेली शिवण पुढे घेतली. मी दारातच उभी होते. ती बस म्हणाली नाही.