अण्णांचे केस आणि माझं नाक

ती. ताईस,

रिकाम्या सलूनात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून लिहितोय. आधी नमस्कार घे, तक्रारी मागून येतातच. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला गेला का? (जायचा नसेल तर घरातच खोका म्हणावं, हल्ली खोकणाऱ्याकडे लोक चोराकडे बघावं तसे बघतात.) तिकडे तुझ्या घरी अण्णांचे केस खांद्यापर्यंत आल्याचं कळलं. जन्मभर गावाची डोकी भादरलेला माणूस स्वतःचं डोकं मात्र पोराशिवाय कुणाच्या हाती देणार नाही म्हणून अडून बसलाय, हे ऐकून आधी हसलो, मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

म्हणून तर निघालो होतो. आता आपल्या घरची खोड तुला माहीत आहेच. गाडी दुपारची असली तरी आपण उजाडायच्या आत स्टँडवर. अण्णा तर स्वतःच्या लग्नालाही आदल्या दिवशीच जाऊन बसले होते आणि खुर्च्या मांडायला लागले होते. (आई हे सांगताना म्हातारपणीही लाजायची.) त्याच रक्ताला जागून मी विषाणूची चाचणी चांगली लवकर उरकून टाकली, म्हटलं ऐन वेळी धावपळ नको. राज्याच्या सीमेवरच्या फाटकावर रांगेत पहिला उभा राहिलो आणि परत पाठवलेला पहिला माणूसही मीच ठरलो. रिपोर्ट शिळा झाला होता! ताजाच लागतो म्हणे, जसा काही मी भाजी विकायला आलो होतो. बहिणीकडे जायचं, तेही आपल्याच देशात, आणि प्रवासाच्या भाड्यापेक्षा नाकात काडी घालून घ्यायचा खर्च जास्त.

फाटकाला लागूनच चाचणीचा तंबू होता. तिथे पुन्हा पैसे भरले. ताई, लोकांची नाकं चिमटीत धरून मिशा कोरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण माझं नाक आजवर कुणी धरलं नव्हतं. पहिल्या खेपेला कसाबसा दम धरला होता. इथे बाईंनी काडी आत घातली मात्र, मी असा शिंकलो की त्यांच्या हातातली नळी उडून थेट कचऱ्याच्या बादलीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, शिंक तुमची, तेव्हा पैसेही तुमचेच." पुन्हा भरले. पुन्हा शिंकलो. त्यानंतर खिशात हात घातला तर परतीच्या भाड्यापुरतेच उरले होते. मुकाट्याने घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "केस कापायला गेला होतात की खिसा कापून घ्यायला?"

तर माझं येणं काही जमत नाही. अण्णांना सांग, हट्ट पुरे झाला. तुमच्या कोपऱ्यावर तो मशीनवाला आहे ना, त्याच्याकडून कापून घ्या. मला अजिबात वाईट वाटणार नाही. तोही आपल्याच धंद्यातला, हात बसलेला माणूस आहे. बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : त्या मशीनवाल्याने अण्णांच्या डोक्याला बोट जरी लावलं, तरी मी तुझ्याशी बोलणार नाही. त्यांच्या डाव्या कानामागे भोवरा आहे, तो त्याला काय माहीत? माझ्या बोटांना तो डोळे मिटूनही सापडतो. फार आठवण येते गं त्यांची.

आणखी एक : परत निघण्याआधी फाटकावरच्या हवालदारसाहेबांचे केस कापून दिले. (सामान सोबत होतंच, आणि त्यांची मान दिसेनाशी झाली होती.) साहेब आरशात बघून खूश झाले आणि नियमांचं पुस्तक काढून बसले. त्यात माणसाला पलीकडे जायला चाचणी लागते असं आहे, नुसत्या हातांबद्दल काहीच नाही. तेव्हा सोमवारी, माझ्या दुकानाच्या सुट्टीला, अण्णांना फाटकाशी घेऊन ये. त्यांची खुर्ची तुमच्या बाजूला, आडव्या दांड्याला पाठ लावून. मी माझ्या बाजूला उभा राहीन, कात्री आणि हात तेवढे पलीकडे येतील. पुढचे केस कापताना खुर्ची फिरवायला दाजी लागतील. खोकला घरी ठेवून या म्हणावं.

फाटक उशिरा उघडतं, उगाच लवकर येऊ नका. अण्णांना तर वार सांगूच नकोस, नाहीतर रविवारीच येऊन बसतील. (आणि बसलेच, तर त्यांना एकट्याने बसावं लागणार नाही.)