आरशामागची चांदी

मंगळवार, रात्र

दुपारी नको ते करून बसलो. सुमनचा आरसा कडेने काळा पडला होता. ती जाऊन वर्ष होत आलं, वर्षश्राद्धाआधी नवी चांदी चढवू म्हणून मानकोली नाक्यावरच्या आपल्या दुकानात नेला आणि मागची जुनी चांदी स्वतः खरवडली. त्याआधी सवयीने टिचकी मारली. तीस वर्षं आरसे बनवतोय, काचेतला बारीक तडाही मला ऐकू येतो. आज आवाज बद्द आला, मागून कोणी तळहात टेकवावा तसा. तडा कुठेच नव्हता.

घरी पोरीला सांगितलं. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते.

"बाबा, उजेड आरशावर आपटून परत येतो असं नाही. त्याने चांदीतले इलेक्ट्रॉन थरथरतात, आणि ते नवा उजेड सोडतात."

"म्हणजे आरशात दिसायची ती तुझी आई चांदीने केलेली?"

"तसं म्हण हवं तर. पण चांदी काही लक्षात ठेवत नाही हं."

"तू विचारलंस वाटतं तिला?"

हसली. मीही हसलो. पण मग तो बद्द आवाज कसला?

खरवडलेली भुकटी गटारात टाकवली नाही. स्टीलच्या डबीत भरून घट्ट झाकण लावून घरी आणलीय. जेवताना पोरीला सहज विचारलं, "अंधारात ती थरथर चालू राहते का गं?"

"उजेडच नाही तर कशी राहील, बाबा?"

ताटावरून उठलो. झाकण काढून डबी दिव्याखाली ठेवलीय. तिकडे पाठ करून हे लिहितोय, वळून बघायचं धाडस होत नाही.