दगडावर काढलेले दगड

कोल्हापूर,
८ नोव्हेंबर १९७८

चि. कृष्णात यास,

आत्याचा आशीर्वाद, तोही सवयीने. दोन गल्ल्या सोडून राहतोस, तरी टपालाने लिहिते आहे, कारण तुझ्या दारात पाय ठेवायची माझी इच्छा नाही.

काल मंडईतून येताना जुन्या कचेरीवरून आले. इंग्रजांच्या राणीच्या काळातली काळ्या दगडाची इमारत, दारावर संरक्षित वास्तू म्हणून सरकारचीच पाटी, आणि तिला तुम्ही बांधकाम खात्यातल्या इंजिनियरांनी गुलाबी ऑइलपेंट फासला आहे! त्यावर पांढऱ्या रेघा ओढून दगडांचे चौकोन काढले आहेत. शिडीवरच्या लालासाब रंगाऱ्याला विचारलं हे काय, तर म्हणाला की बाई, मंत्री येनार हायत, सायबास्नी दगड दगडावानी दिसाय पायजे. मी विचारलं, मग खाली काय बटाटे आहेत? हुकूम कुणाचा, तर म्हणाला की कागदावर सही तुमच्या भाच्याचीच हाय की.

मी त्या कचेरीत टायपिस्ट होते तेव्हा शाळा सुटली की तू माझ्या टेबलाशी येऊन बसायचास. पाटीवर पहिली कमान काढलीस ती त्याच व्हरांड्यातली. माथ्यावरचा एक दगड बाकीच्यांना कसा धरून ठेवतो, ते मी बोट लावून दाखवलं होतं. आणि आता ऐकते की त्याच कमानी विटांनी बुजवून तुम्ही आत केबिनी करणार. मग शाहूवाडीहून कागद घेऊन आलेल्या माणसांनी पावसात थांबायचं कुठे, तुझ्या छत्रीखाली? तो व्हरांडा बांधणारा साहेब परका होता, पण त्याला आपला पाऊस कळला होता. तू इथे जन्मून तुला कळला नाही.

रंग काढ, विटा परत पाठव. नाही तर पुरातत्त्व खात्याकडे माझा अर्ज जाईल.

लोभाचं त्यानंतर बघू.

तुझी आत्या,
धोंडुबाई

---

कोल्हापूर,
१३ नोव्हेंबर १९७८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमन पिराजीने हसत हसत दिलं. दोन गल्ल्यांसाठी तिकीट लावणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली म्हणे.

सही माझी असली तरी हुकूम माझा नाही. रंग वरच्या साहेबांनी सांगितला. विटाही त्यांनीच मागवल्या. व्हरांडा म्हणजे फुकट गेलेली जागा, असं ते म्हणतात. नाही म्हणणारा इंजिनियर त्यांना नको असतो, दुसरा मिळतो.

रागावू नकोस, पण एक विचारतो. ज्या कचेरीसाठी तू कंबर कसली आहेस, तिने तुला निवृत्त होईपर्यंत साधी खोली दिली का? पुरुष मंडळी आत पंख्याखाली, आणि बाईमाणूस म्हणून तू टाइपरायटरसकट व्हरांड्यात. पावसाळ्यात तुझे कागद भिजायचे आणि तू त्यांच्यावर जेवणाचा डबा ठेवायचीस. मला सगळं आठवतं.

अर्ज करू नकोस. चौकशी माझीच होईल. आण्णा तुझे सख्खे भाऊ, पण त्यांनीही सांगितलं आहे की अर्ज गेला तर 'मला बहीणच नाही' असं समजेन. पुढच्या महिन्यात माझ्या पोरीचं बारसं आहे. तिला सख्खी आत्या नाही, म्हणून तिच्या कानात नाव तूच सांगायचं ठरलं आहे. माझंही तूच सांगितलं होतंस ना?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
कृष्णात

---

कोल्हापूर,
१७ नोव्हेंबर १९७८

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

खोली दिली नाही हे खरं. देणारे सगळे तुझ्या साहेबासारखे होते. पण त्यांनी अपमान म्हणून दिलेली जागा त्या इमारतीतली सगळ्यांत चांगली निघाली. आतले घामाने निथळत होते आणि मी वाऱ्यात बसून टाइप करत होते. माणसांचा राग दगडावर काढायला मला कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी शिकवलं नाही. त्यांनी धोंडुबाई बदलून माझी डोरोथी केली होती, पण अक्कल माझी मलाच ठेवू दिली होती.

बारशाची लालूच दाखवून माझं तोंड बंद होत नाही. अर्ज आज सकाळी टाकला, इंग्रजीत.

उरलेला लोभ आण्णाला दे.

धोंडुबाई

---

नेसरी,
२२ जानेवारी १९७९

ती. सौ. धोंडुबाई यांस सा. न.

आपल्या अर्जाप्रमाणे चौकशी झाली. कमानी बुजवायचा बेत रद्द झाला आहे, रंग खरवडणं चालू आहे. माझी बढती गेली आणि बदली इथे झाली. साहेब आहेत तिथेच आहेत.

चौकशीला आलेल्यांना कमानी उघड्या दिसल्या, याचं आपल्याला नवल वाटलं नसेल. विटा दिवाळीआधीच आल्या होत्या. मापं चुकली आहेत असं सांगून मी त्या दोनदा परत पाठवल्या होत्या. घरात कुणाला बोललो नाही, कारण असली गोष्ट बोलून दाखवली की कचेरीत पोचते. आपण अर्जात पहिलं नाव माझं घातलंत. साहेबांचं नाव लिहिण्याइतकं इंग्रजी आपल्याला येत होतं.

बारसं झालं. आण्णांच्या सांगण्यावरून आपल्याला बोलावलं नाही.

कळावे.

कृष्णात

---

कोल्हापूर,
२९ जानेवारी १९७९

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

मला 'आपण' लिहिलंस. आणि जन्मभर बिनलग्नाच्या आत्याला 'सौ.' लावलंस. इतका राग आला आहे तर तो नीट लिहायला तरी शीक.

विटांचं मला सांगायला हवं होतंस. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे तुला ठाऊक होतं, मान्य. तरीही सांगायला हवं होतंस. काल दुसरा अर्ज टाकला. त्यात पहिलं नाव साहेबाचं आहे आणि विटा परत कुणी पाठवल्या तेही आहे. हा माफीचा कागद नव्हे, एवढं आण्णाला वाचून दाखव.

रंग निघाला. तिसऱ्या कमानीच्या माथ्यावरच्या दगडावरचा मात्र निघत नाही. लालासाब म्हणाला की अजून घासलं तर दगडाचं साल जाईल बाई, मग मीच राहू दे म्हटलं. काळ्या कमानीत एक गुलाबी दगड दिसतो. व्हरांड्यात बसलेली माणसं विचारतात हे काय. मी सांगते, माझ्या भाच्याची सही आहे.

पोरीचं नाव काय ठेवलंत ते कळव. कानात सांगायचं राहिलं, निदान पाकिटावर घालीन. यापुढची पत्रं मी तिलाच लिहिणार आहे. तिला वाचता येईपर्यंत तू मोठ्याने वाचून दाखव.

तिचा लोभ असावा. तुझा मी मागत नाही.

आत्या