चार ते सहाचा पहारा

१४ जुलै, सोमवार
गुडघा बरा. टेकडीच्या पायऱ्या आज दोनदाच थांबून चढलो. देवळात श्रावणातल्या सप्ताहाची बैठक. वीणा धरून उभं राहायच्या पहाऱ्यांचा तक्ता यंदाही माझ्याकडे. परबबुवा म्हणाले, "गिरणीचे टाइमकीपर तुम्ही, दुसऱ्याचं काम नाही ते." हसलो.
एका संस्थेची मुलगी आली होती, नाझनीन. आग, दरड, पाणी, काहीही झालं तरी भजनाला बसलेली माणसं सुखरूप बाहेर कशी काढायची ते शिकवते. मशिदीत झालं, चर्चमध्ये झालं, आता आमचा नंबर. बुवांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "आमच्याकडे व्हायचं ते होऊन गेलंय, बाय."
सखारामचा फोटो. गिरणीतला माझा सोबती, त्याला जाऊन सहा वर्षं झाली. (पुढे नुसतं स. लिहीन. पूर्ण नाव लिहिताना हात अडतो.)

१६ जुलै, बुधवार
नाझनीनने देऊळ पाहिलं. मागच्या दाराशी मांडवाचे बांबू, महाप्रसादाची पातेली, दोन सिलिंडर. "काका, हे दार आहे की माळा?" सगळे हसले. मग तिने विचारलं, "शिटी वाजली की वीणा धरलेले काका कसे बाहेर येणार?"
बुवा म्हणाले, "येत नाहीत. सात दिवस वीणा टेकत नाही, उंबरा ओलांडत नाही. बदली आली की याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात."
"आणि बदली आलीच नाही तर?"
घरी येऊन तीन तास नुसता बसून आहे. नळ ठिबकतो तोही वीणेच्या तारेसारखा. झण्. झण्.
या वहीत तरी खरं लिहावं. त्या दिवशी स. चा पहारा दोन ते चार. चार ते सहा माझा. मी घरीच होतो. रद्दीत पाचवीचं क्रमिक पुस्तक सापडलं होतं, त्यातली पावसाची कविता. बाई वर्गात ती म्हणायच्या तेव्हा खिडकीबाहेरचा पाऊससुद्धा चालीत पडायचा. वाचत बसलो. शेवटचं कडवं झालं की निघू, म्हणालो. चार वीसला देवळामागची भिंत कोसळली, आत एकटा स.
आयुष्यभर लोकांना लेटमार्क लावले मी.
आणि नंतर तक्त्याच्या वहीत स. पुढे 'दोन ते सहा, स्वेच्छेने' असं लिहिलं. माझं नाव खोडलं. अक्षर सुंदर आलं होतं.

२० जुलै, रविवार
सराव. वीणा माझ्या गळ्यात. म्हातारा माणूस, उभा राहू दे एका जागी, असं ठरलं. शिटी झाली. गडबड, हसाहशी, कुणीतरी "पळा पळा, आरती राहिली" ओरडलं. दोन मिनिटांत देऊळ रिकामं. मी खांबाशी. समोर तो फोटो.
बाहेरून बुवांचा आवाज, "एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस! झकास!"
टाळ्या. मी आत. हाक मारवेना. त्याने मारली असेल का?
खूप वेळाने नाझनीन दारात आली. तिच्या हातात माझ्या चपला. "सगळ्यांनी आपापल्या घातल्या, हा एक जोड उरला. काका, तुम्हाला मोजलंच नाही कोणी!"
मोजणार कसं? हजेरीत भजनाला बसलेले. वीणेकऱ्याचं नाव फक्त तक्त्यावर. तो देवाचा, म्हणून माणसांत धरायचाच नाही, अशी आमची रीत. बुवा माझ्याकडे पाहत होते.

२१ जुलै
बुवा घरी. चहा गार झाला तरी कप उचलेनात. "त्या दिवशी पावसात मीच मोजली माणसं. पुरी भरली. देवाची कृपा म्हणालो, सगळ्यांना खाली उतरवलं. पाच मिनिटं होती हो हातात."
तेव्हाच सांगायला हवं होतं, बुवा, तुमच्याआधी वीस मिनिटं माझी आहेत. "तुमचा काय दोष," एवढंच म्हणालो.

२६ जुलै, शनिवार
सुमतीवहिनींनी, म्हणजे स. च्या बायकोने, बोलावलं होतं. घावणे, नारळाचा रस. गिरणी बंद झाल्यावर स. मला बळेच इथे आणायचा, तीच चव.
म्हणाल्या, "भाऊजी, यंदा तक्त्यात माझा नाव घाला. पहिलो दिवस. ह्यांनी केलो तसो, दोन ते सहा."
"वहिनी, चार तास! दोनच करा."
"ह्यांच्या पायांक कळ नव्हती ती?"
माझाच आकडा. मीच लिहिलेला.
मी भांडी उचलायला लागलो तशा पुन्हा बोलल्या. "एक गोष्ट माका अजून उमगाक नाय. दोन तासांच्या पहाऱ्याक चार तास कोण उभो ऱ्हवता? गिरणीत भोंगो झालो की हातातला टाकून येणारो माणूस तो. मगे चार वाजल्यार थंय उभे कित्याक?"
"भक्ती, वहिनी."
"व्हय," म्हणाल्या. पण माझ्याकडे बघत राहिल्या.

२७ जुलै
स्वप्न. शाळेचा वर्ग. बाई हजेरी घेतायत. स. शेवटच्या बाकावर, ओल्या सदऱ्यात. त्याचं नाव येतच नाही. मी बोट वर करतो, बाई बघत नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार
बैठक. मागचं दार मोकळं झालं. सिलिंडर बाहेरच्या शेडमध्ये. म्हाताऱ्यांना उतरवायला जोड्या ठरल्या. वीणेकरी यापुढे मोजणीत पहिला. हे बुवांनी स्वतः सांगितलं.
अडलं ते उंबऱ्याशी. नाझनीन म्हणाली, "शिटी झाली की वीणेसकट बाहेर या ना. वीणा गळ्यातच राहील, टेकणार कुठे?" इतकं सोपं. स. सुद्धा चार पावलांत बाहेर आला असता.
बुवा वहिनींकडे बघून म्हणाले, "सखारामने इथे देह ठेवला. आणि आपण शिटीला घाबरून उंबरा ओलांडायचा?"
वहिनी ताठ. "तुम्ही काय ता ठरवा. मी हलूची नाय. हे हलले नाय."
नाझनीनने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यात जुना मीच. उठलो. घसा साफ केला. मग "पंख्याखालची वायर बदलायला हवी" असं काहीतरी बोलून बसलो.
तो हलला नाही, कारण तो माझी वाट बघत होता. एवढं एक वाक्य. व्याकरणाला किती सोपं.

७ ऑगस्ट, गुरुवार
उद्या सप्ताह बसतो. जुनी वही पेटीतून काढली. खोडलेल्यावर बोट फिरवलं. शाईखाली माझं नाव अजून वाचता येतं. खाली पाचवीचं पुस्तकही होतं, ते उघडलं नाही. सगळी कविता पाठ आहे, शेवटचं कडवं सोडून.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळपासून संततधार. मांडवाच्या मागून लाल मातीचं पाणी उतरतंय असा बुवांचा फोन. नाझनीन तिथे आहे, शिटी गळ्यात. फोनवर म्हणाली, "पाणी वाढलं तर वाजवणार. पण आजी निघतील ना?"
वहिनी दोनला उभ्या राहिल्या असतील. नवं लुगडं काढून ठेवलं होतं त्यांनी.
त्यांना जी गोष्ट धरून सहा वर्षं जगता आलं, ती मी आज त्यांच्या हातातून काढून घेणार. पण तीच धरून त्या तिथे उभ्या राहणार. मी सांगितलं नाही तर शिटीला त्या हलणार नाहीत. सांगितलं तर पुन्हा माझ्याकडे बघतील का, माहीत नाही.
तीन वाजलेत. तक्त्यावर आज पहाटे दुरुस्ती केली. वहिनी दोन ते चार. चार ते सहापुढे माझं नाव. अक्षर वाकडं आलं.
छत्री. जुनी वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत. पायऱ्यांना वीस मिनिटं लागतील, पावसात तीस धरू. चपला उंबऱ्याजवळ, सगळ्यांना दिसतील अशा काढायच्या.
निघतो.