बाबांच्या पिस्तुलाची पिन

ता. ४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे एक तर तुझी तब्येत ठणठणीत आहे, नाहीतर तू माझ्यावर रुसली आहेस. दोन्ही चालेल.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. लढाईवरून आणलेलं त्यांचं पिस्तूल अजून कपाटात चादरींखाली आहे. परवाना त्यांच्या नावाचा होता. आता ठाण्यातून चिठ्ठी आली आहे, की महिनाअखेर ते विका, नाहीतर जमा करा. मला ते विकवत नाही आणि ठेवताही येत नाही. निदान त्याची हकिकत तरी कळावी, म्हणून ठाण्यात सांगून बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले.

दुकान म्हणजे एक खोली. आत तेलाचा वास, बाबांच्या हातांना यायचा अगदी तसा. मी खुर्चीतच बसले. दुकानदाराने भिंगातून आकडे वाचले. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी बनलेलं, सगळ्या भागांवर एकच क्रमांक, मुठीवर कुणा कॅप्टनची कोरलेली अक्षरं. म्हणजे निरोप देताना साहेबाने दिलं, ही बाबांची गोष्ट खरीच होती. आपण उगाच त्यांना थापाडे म्हणायचो. हौशी लोक चांगली किंमत देतील म्हणून दुकानदार खुलला आणि मग त्याचं तोंड उतरलं. गोळीला मागून ठोसा देणारी एक पिन असते, तिचं टोक कुणीतरी केसभर घासलंय. चाप ओढला तरी गोळी उडायची नाही, म्हणून किंमत निम्मी. कुणा दीडशहाण्याचं काम आहे, म्हणाला. हा दीडशहाणा सापडला तर त्याचे कान तू उपट. बाबांच्या वस्तूला हात लावायची कुणाची छाती झाली?

नवी पिन बसवू का, असं तो विचारतोय. तू म्हणशील तसं करू. लोभ आहेच, पत्राचा आळस करून तो आटवू नकोस.

तुझी,
खार

ता. ९ फेब्रुवारी

चि. खार हिस,
अनेक आशीर्वाद.

कान उपटायचे तर माझेच मला उपटावे लागतील. तो दीडशहाणा मी.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला. दादा लढाईवरून आला तो अर्धाच आला. कुणाशी बोलायचा नाही, जेवण ताटात निवायचं. आई म्हणायची, येईल हळूहळू ताळ्यावर. एका दुपारी डबा विसरला म्हणून मी घरी परतले. दार नुसतं लोटलेलं. दादा खाटेवर बसला होता, मांडीवर पिस्तूल, आणि त्याच्याकडे एकटक बघत होता. मी आलेलं त्याला कळलंसुद्धा नाही.

लपवलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. त्याच्याशी बोलायची माझी हिंमत नव्हती. तो न्हाव्याकडे गेला तेवढ्यात पिन काढली, कानस लावली आणि होती तशी बसवून टाकली.

पुढे तो सावरला, नोकरीला लागला, तुझी आई आली, तू आलीस. पण त्याला मानाने मिळालेली एकच वस्तू मी पांगळी केली आणि चव्वेचाळीस वर्षं तोंड मिटून बसले. त्याच्या शेवटच्या आजारात सांगायचं म्हणून दोनदा आले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतले. आता माफी तरी कुणाची मागू? नवी पिन बसवून घे. माझी चूक तेवढी तरी निस्तरेल.

माझे आशीर्वाद आहेतच. तुझा लोभ पूर्वीएवढा उरला का, ते कळव.

तुझी,
आत्या

ता. १५ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन दिवस रागावले होते, खोटं कशाला सांगू? पिन घासलीस म्हणून नाही, एवढं ओझं एकटीने वाहिलंस म्हणून.

काल दुकानात गेले, तर दुकानदाराचे वडील बसले होते. पंच्याऐंशीचे आहेत, पण नजर शाबूत. पिस्तूल हातात घेतलं आणि मला विचारलं, की हे ज्याची बहीण शिलाई मशिनी दुरुस्त करायची, त्या शिपायाचं का?

त्यांनी सांगितलं ते असं. लष्करी कोट घातलेला एक वाळका तरुण आला. चाप ओढला तरी उडत नाही, का ते बघा, म्हणाला. म्हातारबुवांनी पिन काढून दाखवली. तो तिच्याकडे बघतच राहिला, मग हसायला लागला आणि हसता हसता रडायला. म्हणाला, माझ्या धाकट्या बहिणीचं काम आहे, घरात कानस तिच्याकडेच. म्हातारबुवा म्हणाले, संध्याकाळपर्यंत नवी बसवतो. तो म्हणाला, नको, आहे तशीच राहू द्या.

पिस्तूल कुठे धरून चाप ओढला होता, ते म्हातारबुवांनी तेव्हा विचारलं नाही, आणि मी तुला विचारत नाही. मी त्यानंतर सहा वर्षांनी जन्मले, एवढंच लिहिते.

नवी पिन नको म्हणून सांगून आले. पिस्तूल अठ्ठावीसला जमा करेन. दुकानदाराने ‘दीडशहाणा’ हा शब्द मागे घेतलाय. त्याचे वडील म्हणतात, काम सफाईदार आहे. आणि लोभाचं म्हणशील, तर तसलं काही मला पुन्हा विचारू नकोस.

तुझी,
खार

ता. १९ फेब्रुवारी

चि. खार हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आता चष्मा पुसायला कोरडा पदर उरला नाही.

दादा पिस्तूल साफ करायला बसला, की मला हाक मारायचा. जवळ बस, बघ जरा, म्हणायचा. दूध उतू जाईल, कपडे वाळत घालायचेत, काहीतरी निमित्त काढून मी उठायचे. वाटायचं, आता पकडली जाणार. तो मला सांगायला बोलावत होता गं, आणि मी एकदाही बसले नाही.

सव्वीसला येते. जमा करायच्या आधी त्या म्हातारबुवांना ते एकदा माझ्यासमोर उघडायला सांग. या वेळी मी उठणार नाही.

तुझी,
आत्या